पैसे लावणाराही कॉलोनायजरच

ऑगस्ट 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या जामसांवलीच्या हनुमान मंदिरात 'हनुमान लोक' प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. देवस्थान वाढणार, कलेक्टर कचेरी जवळ आली, नागपूरही फार लांब नाही. मग वावरांचे प्लॉट पाडायच्या गोष्टी निघाल्या नसत्या तरच नवल. अशा बोलण्यात एक वाक्य हमखास असते, "आपण फक्त पैसे लावायचे, कागदपत्रांचं तो पाहील."

या "तो पाहील" मध्येच सगळी गोम आहे.

व्यवहाराची रीत ठरलेली असते. चौघे मिळून शेतकऱ्याचे तीन एकर वावर इसारपावतीवर अडकवतात. चुन्याच्या रेघा मारतात, मुरूम टाकतात, नकाशा छापतात. रजिस्ट्री मात्र शेतकऱ्याकडून थेट गिऱ्हाइकाला लावून देतात. आपले नाव कुठेच नाही म्हणून चौघे निर्धास्त! पण घरे बांधायला शेतजमिनीचे तुकडे पाडून विकायला काढणारा, तोच कायद्याच्या लेखी कॉलोनायजर. नोंदणी आणि परवानगी नसेल, तर ग्रामपंचायत हद्दीत मध्य प्रदेशच्या पंचायत कायद्याचे कलम 61-घ लागते. त्यात तीन ते सात वर्षांची कैद आहे. नाव नसले तरी बँकेतले व्यवहार, इसारपावती आणि गिऱ्हाइकांचे जबाब असतात. आणि पहिला सापडतो तो बिचारा शेतकरी, कारण सही त्याची.

याशिवाय स्थावर मालमत्तेचा रेरा कायदा आहेच. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे प्लॉट पाडायचे, तर नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. दंड प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत जातो आणि तरीही ऐकले नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला नकाशाही जाहिरातच असतो.

दुसरा खड्डा आदिवासी जमिनीचा. भू-राजस्व संहितेच्या कलम 165(6) नुसार अधिसूचित आदिवासी भागात ती बिगर-आदिवासीला घेताच येत नाही आणि इतर भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. मग कोणीतरी युक्ती सुचवतो, आपल्या आदिवासी गड्याच्या नावावर घेऊ. पैसा तुमचा आणि नाव गड्याचे, म्हणजे बेनामी व्यवहार. जमीन जप्त होते, एक ते सात वर्षे सक्तमजुरी होऊ शकते आणि बाजारभावाच्या पाव हिश्शापर्यंत दंड. शिक्षा नाव देणाऱ्यालाही आहे. फायदा मालकाचा, तुरुंगात मात्र गडीही जाणार!

सातबारा वाचण्यात मुरलेला नागपूरकर इथल्या जमिनीच्या उताऱ्यात, म्हणजे खसऱ्यात चुकतो. मालकाचे नाव आणि रकबा पाहून तो कागद घडी करून खिशात घालतो. खरी गोष्ट असते बाराव्या रकान्यात, कैफियतीत. बँकेचे गहाण तिथे असते. पट्ट्याची जमीन असेल तर कुठेतरी बारीक अक्षरात "अहस्तांतरणीय" लिहिलेले असते. तो एक शब्द न वाचता लाखो रुपये मोजले जातात.

नोंदणी क्रमांक दाखवला म्हणजे झाले, असेही नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. परवानगी ज्या कचेरीने दिली म्हणतात, तिथे जाऊन विचारावे.

यावर उत्तर ठरलेले, "पुढे सरकार वैध करतंच." मे 2023 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी डिसेंबर 2022 पर्यंतच्या अवैध वसाहती वैध करण्याची घोषणा केली होती, हे खरे. पण ती शहरांसाठी होती आणि तिथे राहणाऱ्यांना नळ, रस्ता, बांधकाम परवानगी मिळावी म्हणून होती. ती प्लॉट विकणाऱ्याला दिलेली माफी नव्हे. अशा घोषणांनीच लोकांची भीड चेपते, हा दोष मात्र सरकारचा.

म्हणून नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाकडे मागणी एवढीच. गुन्हा पन्नास घरे उभी राहिल्यावर नको, चुन्याची पहिली रेघ पडली की नोंदवा. त्या खसऱ्याचा क्रमांक पंचायतीच्या फलकावर लावा. आणि भागीदारीला निघालेल्यांनी इसार देण्याआधी एकच विचारावे: कॉलोनायजरच्या परवान्यावर नाव कोणाचे? उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.