नागीचा हिशेब

गिरीश कासरवल्लींचा ‘द्वीप’ पाहिल्यापासून मी मुंबईतल्या आमच्या मानखुर्दकडे वेगळ्या नजरेने पाहते आहे. ना. डिसोझांच्या कादंबरीवरचा हा 2002 चा कन्नड सिनेमा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. निर्मिती अभिनेत्री सौंदर्याची, आणि नायिका नागीची भूमिकाही तिचीच.

धरणाचं पाणी चढू लागतं आणि सीतापर्वताचं बेट होतं. गाव मोबदला घेऊन उठून जातं. देवळाचे पुजारी दुग्गज्ज, त्यांचा मुलगा गणप आणि सून नागी मागे राहतात. भर पावसात ते घर तगतं ते नागीच्या हिमतीवर. पाऊस ओसरल्यावर नवरा मात्र सगळं श्रेय देवाला देतो. तिच्या राबण्याला घरातच किंमत नाही, मग सरकारी मोबदल्यात ती कुठून येणार?

हा प्रश्न एका सिनेमापुरता नाही. नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्याने बुडित गावांतल्या सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानलं, सज्ञान मुलीला नाही. नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरात रान, नदी आणि शेत यांच्या आधारावर घर चालवणाऱ्या मुली त्या व्याख्येबाहेर राहिल्या.

मानखुर्दला धरण नाही, पण विस्थापितांची वस्ती आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी (एमयूटीपी) रुळांलगतच्या झोपड्या हटल्या, तेव्हा हजारो कुटुंबं इथल्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आली. प्रत्येक कुटुंबाला 225 चौरस फुटांची खोली. रुळांच्या कडेला लेकरं वाढवणाऱ्यांसाठी पक्कं छप्पर, दाराआड नळ आणि संडास ही मोठी गोष्ट होती, ती मी कमी लेखणार नाही. त्या स्थलांतरात ‘महिला मिलन’ या वस्तीतल्या महिलांच्या संघटनेच्या बायकांनी स्वतः झोपड्या मोजल्या, याद्या केल्या. मोजणाऱ्या बायकाच होत्या, तरी त्यांच्या रोजीचा रकाना रिकामाच राहिला. पूर्वी पायी जाऊन चार घरची धुणीभांडी करणारीला इथून लोकल धरावी लागते. जाण्या-येण्यातच एखादं काम सुटतं. जुन्या वस्तीत शेजारणीच्या भरवशावर मूल टाकून जाता यायचं. ती शेजारीण आता कुठल्या बिल्डिंगमध्ये, कोण जाणे.

महाराष्ट्राने 1976 मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण खोलीची चावी हातात दिली की पुनर्वसन झालं, हा समज आता सोडायला हवा. घर हलवण्याआधी त्या घरातल्या बाईला विचारा: कामाला कुठे जातेस, किती मिळतात, मूल कोण सांभाळतं? तिची उत्तरं यादीत लिहा. नव्या जागी वर्षभराने पुन्हा तेच तीन प्रश्न विचारा. तिची कमाई घटली असेल तर ते नुकसान प्रकल्पाच्या खर्चात धरा आणि भरून द्या. तोवर पुनर्वसन पूर्ण झाल्याचा शिक्का कुणी मारू नये.