गणिताला घाबरून नर्सिंग? चुकताय!

‘गणित नको बाबा’ म्हणून नर्सिंगचा फॉर्म भरताय? जरा थांबा. पेण-रोह्याच्या कुठल्याही वॉर्डात गणितच आधी भेटेल.

500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचंय. सेट 20 थेंबांना 1 मिलीचा असेल, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. मायक्रोड्रिप सेटला 60 थेंबांचा 1 मिली, म्हणजे मिनिटाला 125 थेंब. सेट न बघता त्यावरही 42च ठेवले, तर तेच सलाइन 12 तास चालेल!

आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. त्याचा डोस किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. 15 किलोच्या पोराला 450 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या गोळीच्या निम्म्याहून कमी. जास्त गेलं, तर बीपी कोसळू शकतो.

म्हणून सांगतो, मोबाइलचं कॅल्क्युलेटर खुशाल वापरा. पण आधी कागदावर मांडा. मग मैत्रिणीला तुमचं उत्तर न दाखवता तेच गणित करायला सांगा. जुळलं नाही, तर सिस्टरांना विचारा. विचारण्यात कसली लाज? पेशंटला तुमचे मार्क दिसत नाहीत, डोस मात्र लागतो.