‘मृत्युमंडळ’ आणि गाळलेले कलम

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जुलै २००९ मध्ये मांडले गेलेले आरोग्यविषयक विधेयक हजाराहून अधिक पृष्ठांचे होते. त्यातील १२३३ क्रमांकाच्या कलमाने विधेयकाच्या मूळ उद्देशापेक्षाही अधिक धुरळा उडवला. वस्तुतः कलम साधे होते. वृद्धांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमायोजनेतील एखाद्याने, स्वतःची इच्छा असल्यास, अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत व कोणते नकोत याविषयी आपल्या डॉक्टरशी चर्चा केली, तर त्या चर्चेचे शुल्क साधारणतः पाच वर्षांतून एकदा योजनेतून दिले जावे, एवढेच त्यात म्हटले होते.

न्यूयॉर्क राज्याच्या माजी नायब गव्हर्नर बेट्सी मॅकॉय यांनी ही चर्चा सक्तीची असल्याचे सांगितले. त्यानंतर ७ ऑगस्ट रोजी, रिपब्लिकन पक्षाच्या २००८ मधील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांनी ‘डेथ पॅनेल’ हा शब्द रूढ केला. वृद्धांनी आणि अपंगांनी जगावे की नाही, हे जणू सरकारी नोकरशहांचे मंडळ ठरवणार होते. त्याच महिन्यातील प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत ८६ टक्के लोकांनी ही गोष्ट ऐकलेली होती आणि ऐकणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना ती खरी वाटत होती.

याला लोकांचा मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे होईल. हजार पृष्ठे वाचण्यास लागणारा वेळ खर्चूनही एका मताने फारसे काही बदलत नाही, हा सामान्य नागरिकाचा हिशेब व्यवहारी आहे. म्हणून तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. खोटे दोन शब्दांत मावते. त्याच्या खंडनासाठी मात्र कलम उघडून बसावे लागते. शिवाय या भीतीला जुना वारसा होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका घरोघर ऐकवून, वृद्धांसाठीचा सरकारी विमा म्हणजे समाजवादाचे पहिले पाऊल, असा प्रचार केला होता. मेडिकेअर १९६५ मध्ये आलेच, आणि लोकांच्या इतके अंगवळणी पडले की २००९ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एका सभेत एका नागरिकाने प्रतिनिधी बॉब इंग्लिस यांना बजावले, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये! ती योजना सरकारचीच आहे, हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही.

तथापि, सर्वच भय निराधार नव्हते. मेडिकेअरच्या खर्चातील भावी वाढ दहा वर्षांत सुमारे ५० हजार कोटी डॉलरने रोखण्याचा सुधारणेचा संकल्प होता. खासगी विमा कंपन्यांना आणि रुग्णालयांना मिळणाऱ्या रकमांना कात्री लावून ही बचत व्हायची होती. हे नीट समजावून सांगायला हवे होते. त्याऐवजी समर्थकांनी, कोणाचेही काही जाणार नाही, असा सूर धरला. आवडती विमापॉलिसी ज्याला त्याला ठेवता येईल, हे अध्यक्ष ओबामा यांचे आश्वासन २०१३ मध्ये लाखो पॉलिसी रद्द झाल्यावर फोल ठरले आणि त्यांना क्षमा मागावी लागली. विधानांची सत्यता तपासणाऱ्या ‘पॉलिटिफॅक्ट’ने २००९ साली मृत्युमंडळाला आणि २०१३ साली या आश्वासनाला ‘वर्षातील सर्वांत मोठे असत्य’ ठरवले. दोन्ही असत्ये एकाच तोलाची नव्हेत. पण पहिल्याला जागा मिळाली ती दुसऱ्यामुळेच, असे म्हणावे लागते. उपचारांचे वाटप अमेरिकेत तेव्हाही होतच होते. सुमारे १६ टक्के लोकांना विमाच नव्हता, आणि ज्यांना होता त्यांचा दावा नाकारणाऱ्या कंपनीच्या कारकुनाला कोणी मृत्युमंडळ म्हणत नव्हते. मर्यादा कोण घालतो व कोणत्या निकषावर, हा खरा प्रश्न होता. तो विचारण्याचे धैर्य सुधारकांनी दाखवले नाही, म्हणून तो अफवेच्या रूपाने आला.

२३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्यात ते कलम नव्हते. विमाहीनांचे प्रमाण २०१६ पर्यंत ९ टक्क्यांच्या आसपास उतरले, हे त्या कायद्याचे श्रेय निर्विवाद आहे. चर्चेच्या शुल्काची तरतूद २०११ च्या आरंभी नियमावाटे आणली गेली आणि काही दिवसांतच मागे घेतली गेली. कैसर प्रतिष्ठानच्या २०१३ मधील पाहणीत ४० टक्के लोक असे मंडळ कायद्यात आहे, असेच समजत होते. अखेर १ जानेवारी २०१६ पासून मेडिकेअर हे शुल्क देऊ लागले. कोणी फारशी ओरड केली नाही. मधल्या काळात अनेक वृद्धांच्या बाबतीत ते निर्णय अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलांनी घेतले, वडिलांना काय हवे असते याचा तर्क करीत.