सृष्टीची ओळख : कस्तुरीमृग कोणाचा नातलग?

जुम्म्याच्या नमाजला निघताना मी मनगटाला अत्तर लावत होतो. धाकट्याने बाटली उचलून विचारले, "अब्बा, यात हरीण मारतात का?" बाटलीवर फांद्या फुटलेल्या शिंगांचे ऐटबाज हरीण छापले होते. आता कस्तुरी देणाऱ्या प्राण्याला शिंगेच नसतात, हे त्या छापणाऱ्याला कोण सांगणार!

हरीण हा शब्द आपण फार सैल वापरतो. चितळ, सांबर, भेकर ही सारंग कुळातली, म्हणजे खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची. ती गळतात आणि नव्याने उगवतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय ही कुरंगे. ती गाय-शेळीच्या कुळात मोडतात आणि त्यांची शिंगे गळत नाहीत.

कस्तुरीमृग या दोन्हींत बसत नाही. नराच्या वरच्या जबड्यातले दोन सुळे ओठाबाहेर लोंबतात. आणखी एक खूण पोटात आहे. कुर्बानीचा बकरा साफ करताना पित्ताची पिशवी फुटू नये म्हणून आपण किती जपतो! चितळ-सांबराला ती पिशवीच नसते, कस्तुरीमृगाला असते. लिनियसने १७५८ साली त्याला 'मॉस्कस' हे नाव दिले. आज त्याचे कुळ स्वतंत्र मानतात आणि डीएनएच्या तपासणीत तो चितळापेक्षा गाय-शेळीच्या गोतावळ्याला जवळचा दिसतो. जुने अरब लेखक त्याला कस्तुरीचे गझाल म्हणत. गझाल म्हणजे चिंकाऱ्याचा भाऊबंद. तेही अगदीच चुकले नव्हते!

कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये जन्नतच्या पेयावर कस्तुरीची मोहोर असल्याचे सांगितले आहे, म्हणून या सुगंधाचे आपल्याला अप्रूप. पण कस्तुरीची गाठ फक्त नराच्या पोटाखाली असते आणि एकातून जेमतेम २५ ग्रॅम माल निघतो. हिमालयात लावलेला फास मात्र नर-मादी ओळखत नाही. माद्या आणि पिल्लेही त्यात फुकट मरतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने या शिकारीवर कडक बंदी आहे, तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही.

मग आमच्या बाटलीत काय? कस्तुरीच्या वासाचे मूळ द्रव्य मस्कोन. त्याची रचना १९२६ साली रुझिका या शास्त्रज्ञाने उलगडली. आता तो वास कारखान्यात तयार होतो आणि स्वस्त अत्तरात तोच असतो. कोणी 'अस्सल नाफा' म्हणून गाठ दाखवू लागला, तर हात लावू नका. ती एक तर नकली असेल, नाही तर चोरीची.

हे सगळे ऐकून धाकटा म्हणाला, "म्हणजे हरीणही नाही आणि कस्तुरीही नाही. मग चित्र कशाला?"