प्रॉक्सी सर्व्हर : मध्यस्थ हवा, पण ओळखीचा

महाविद्यालयात पाऊल ठेवले की ‘प्रॉक्सी’ हा शब्द तुमच्या कानावर पडेलच. हजेरीच्या वेळी गैरहजर मित्राच्या नावाला दुसऱ्यानेच ‘हजर’ म्हणायचे, याला तेथे प्रॉक्सी मारणे म्हणतात. प्राध्यापकांना आवाज ऐकू येतो, पण माणूस वेगळाच असतो. इंटरनेटवरील प्रॉक्सी सर्व्हरचे कामही याच जातीचे आहे. तुमचा संगणक एखाद्या संकेतस्थळाकडे सरळ न जाता आपली मागणी या मधल्या संगणकाकडे देतो. तो ती स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर तुम्हाला आणून देतो. समोरच्या संकेतस्थळाला पत्ता दिसतो तो मध्यस्थाचा, तुमचा नव्हे.

हा मध्यस्थ चांगला की वाईट, असे मला विद्यार्थी नेहमी विचारतात. याचे उत्तर तो कोणाचा आहे यावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे. ते का, हे आता पाहू.

आधी फायदे पाहू. वेबचा जन्म जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत झाला, आणि तेथील सर्व्हरला १९९४ च्या सुमारास प्रॉक्सीची सोय जोडली गेली. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेतून माहिती अगदी मुंगीच्या पावलांनी येई. अशा वेळी एकदा आणलेले पान मध्यस्थाने साठवून ठेवले, तर दुसऱ्याने मागताच ते जागच्या जागी देता येते.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. समजा, तेथे ४० संगणक आहेत आणि प्रत्येकाला ५० मेगाबाइटची एकच चित्रफीत हवी आहे. म्हणजे २००० मेगाबाइट, अर्थात १६,००० मेगाबिट झाले. जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची असेल तर १६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटे लागतील. तासिका तेवढ्यातच संपत आली! तीच चित्रफीत एकदाच आणून शाळेतल्या सर्व्हरवर ठेवली, तर बाहेरून आणायला ४० सेकंद पुरतात. पुढचे वाटप शाळेतल्या शाळेत होते.

शिवाय शाळेला नको ती संकेतस्थळे अडवता येतात, आणि गडबड झाल्यास नोंदवही पाहता येते.

आता दुसरी बाजू. पूर्वी गावातील निरक्षर माणूस शहरातल्या मुलाला पत्र धाडायचे झाले, तर मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून लिहून घेई. सोय मोठी होती, पण घरातले सारे गुपित त्या लिहिणाऱ्याला कळे. प्रॉक्सीचे तसेच आहे. साध्या ‘एचटीटीपी’ संकेतस्थळाशी होणारा व्यवहार हा पोस्टकार्डासारखा असतो. मध्यस्थ तो वाचू शकतो, आणि त्यात फेरफारही करू शकतो. ‘एचटीटीपीएस’ म्हणजे बंद पाकीट. त्यात मध्यस्थाला सहसा केवळ संकेतस्थळाचे नाव कळते, आतला मजकूर कळत नाही. मात्र बंद पाकीट साठवून दुसऱ्याला देता येत नाही. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरतात. त्यामुळे साठवणीचा फायदा पूर्वीसारखा आपोआप मिळत नाही. शिक्षकांना धडे आधीच उतरवून शाळेच्या सर्व्हरवर ठेवावे लागतात.

खरा धोका फुकटच्या प्रॉक्सीत आहे. शाळेने अडवलेला खेळ उघडावा म्हणून विद्यार्थी कोठला तरी अनोळखी प्रॉक्सी शोधतात. आणि त्याच मार्गाने शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, वडिलांच्या बँकेचा पासवर्डही घालतात! तो सर्व्हर चालवायला वीज लागते, यंत्र लागते. हा खर्च कोण आणि कशासाठी सोसतो? ‘होला’ नावाच्या फुकट सेवेचे उदाहरण बोलके आहे. तिच्या ग्राहकांच्या इंटरनेट जोडण्या दुसऱ्यांना वापरण्यासाठी विकल्या जात होत्या, हे २०१५ साली उघडकीस आले. म्हणजे तुमच्या घरच्या पत्त्यावरून कोणी परका काहीही करणार, आणि जाब तुम्हाला विचारला जाणार. एखाद्या प्रॉक्सीने तुमच्या यंत्रात आपले ‘सर्टिफिकेट’ बसवायला सांगितले, तर अधिकच सावध व्हा. ते बसवणे म्हणजे बंद पाकीट फोडण्याची परवानगी देणे होय.

शिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. शब्द पाहून पाने अडवणारा प्रॉक्सी आंधळा असतो. जीवशास्त्रातील प्रजननसंस्थेची आकृती किंवा स्तनाच्या कर्करोगाची माहितीही तो अडवतो. अभ्यासाचे पान मिळत नसेल आणि तक्रार ऐकायला कोणी नसेल, तर विद्यार्थी चोरवाट शोधणारच. तेव्हा काय अडवले आहे, कोणती नोंद ठेवली जाते आणि ती कोण पाहतो, हे शाळेने फलकावर लिहावे. चुकीने अडवलेले पान मोकळे करण्यासाठी एक शिक्षक नेमावा. लपवाछपवीच्या देखरेखीतून शिस्त येत नाही, अविश्वास मात्र वाढतो.

मित्रहो, कोणताही प्रॉक्सी वापरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हा कोणाचा आहे? याचा खर्च कोण करतो? माझी कोणती माहिती याच्या हातून जाणार आहे? यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर तेथे पासवर्ड घालू नका. पत्र लिहून देणारे मास्तर गावाच्या ओळखीचे होते, म्हणून लोक त्यांच्यावर विसंबत. यंत्राच्या बाबतीत तेवढी चौकशी तरी आपण करायलाच हवी.