तीन पायांचा भक्कम सोबती

दोस्तांनो, सहलीला गेल्यावर चूल मांडलीय का कधी? चार दगड शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तीन दगड घ्यायचे, मधे काटक्या सारायच्या, वर पातेलं ठेवायचं. जमीन खडबडीत असो, दगड लहानमोठे असोत, पातेलं डुगडुगत म्हणून नाही. याउलट वर्गातलं चार पायांचं बाक बघा! एका पायाखाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय ते काही नीट उभं राहत नाही. असं का होत असेल बरं?

उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकातच आहे. एका रेषेत नसलेले कुठलेही तीन बिंदू घ्या, त्यांतून एक आणि एकच प्रतल जातं. म्हणून तीन पाय नेहमी एकदमच टेकतात. चौथा पाय आला की तो त्याच प्रतलात असेल याची खात्री नाही, आणि तिथेच डुगडुग सुरू होते. डोंगरउतारावर, नदीकाठच्या गोट्यांवर, शेताच्या बांधावर कॅमेरा उभा करायचा तर तीनच पाय हवेत, ते यासाठी. या तीन पायांच्या घोडीला आपण सगळे ट्रायपॉड म्हणतो. आज तो कसा निवडायचा ते पाहू. आई-बाबांनाही हे पान वाचायला द्या, कारण पैसे त्यांच्या खिशातून जायचे आहेत!

पण ट्रायपॉड हवाच कशाला?

प्रश्न रास्त आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यांत आणि मोबाईलमध्ये हाताची थरथर कमी करणारी सोय असते. भर उन्हात काढायच्या फोटोला ट्रायपॉड लागतच नाही. मग तो लागतो कधी?

छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. लेन्सची लांबी जितके मिलिमीटर, निदान तितक्या भागाचा सेकंद शटर उघडं ठेवावं. म्हणजे ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर १/५० सेकंद, आणि लांबच्या पक्ष्यासाठी ३०० मिलिमीटरची लावली तर १/३०० सेकंद किंवा त्याहून कमी. लांबचं जवळ दिसतं तशी हाताची थरथरही मोठी होऊन दिसते ना! आता पहाटेच्या झुंजुमुंजू उजेडात किंवा दाट झाडीत एवढ्या कमी वेळात पुरेसा प्रकाश आत येतच नाही. धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसायला हवं असेल तर शटर अर्धा-एक सेकंद उघडं लागतं. आणि तारे? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तिच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या उमटणाऱ्या गोल रेघा टिपायच्या, तर कॅमेरा अर्धा तास, तासभर तसूभरही हलता कामा नये. इथे कुणाचाही हात पुरा पडत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. ट्रायपॉड कॅमेरा स्थिर ठेवतो, समोरचं फूल नव्हे! वाऱ्यावर फूल डोलत असेल, तर कितीही भारी ट्रायपॉड असला तरी फूल पुसटच येणार. तिथे वारा पडायची वाट बघणं हाच उपाय.

फाळक्यांची कुंडी

कॅमेरा न हलण्याची किंमत काय असते, याचं एक झकास उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 'राजा हरिश्चंद्र' हा दादासाहेब फाळके यांचा चित्रपट १९१३ साली आला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा बसवला आणि कित्येक दिवस रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर मात्र दाण्यातून कोंब फुटून वेल सरसर वाढताना दिसली. ही जादू पाहूनच त्यांना चित्रपटासाठी पैसे मिळायला मदत झाली. आता विचार करा, मधेच एखाद्या दिवशी कॅमेरा बोटभर सरकला असता तर? पडद्यावर वेल वाढण्याऐवजी कुंडीच उड्या मारताना दिसली असती!

दुकानात शिरण्यापूर्वी

ट्रायपॉडच्या बाबतीत तीन गोष्टी सगळ्यांनाच हव्या असतात. तो स्वस्त हवा, हलका हवा आणि भक्कम हवा. गंमत अशी की यातल्या दोनच एका वेळी मिळतात. स्वस्त आणि हलका घेतलात तर तो लटपटतो. स्वस्त आणि भक्कम घेतलात तर खांदा दुखतो. हलका आणि भक्कम हवा तर पाकीट रिकामं होतं. म्हणून आधी घरी बसून ठरवा, की आपण कोणत्या गोष्टीवर पाणी सोडायला तयार आहोत.

पायांसाठी बहुधा दोन पदार्थ वापरतात. अ‍ॅल्युमिनियम जड, पण स्वस्त आणि चिवट. कार्बन फायबर हलकं, थरथर लवकर शोषून घेणारं, पण महाग. शाळकरी मुलांना पहिला ट्रायपॉड अ‍ॅल्युमिनियमचा असला तर काही बिघडत नाही. तो आपटला, घासला तरी सहन करतो.

मग पायांचे टप्पे मोजा. पाय दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे असतात, तीन किंवा चार टप्प्यांचे. टप्पे जास्त तितका तो मिटल्यावर आखूड होतो आणि एसटीत, सॅकमध्ये सहज मावतो. पण प्रत्येक टप्पा वरच्यापेक्षा बारीक असतो, आणि सगळ्यात खालचा तर काडीसारखा. म्हणून भक्कमपणाच हवा असेल तर तीन टप्प्यांचा बरा.

दुकानातल्या पाच परीक्षा

दुकानदार म्हणेल, "हा पाच किलो वजन पेलतो." त्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नका. हा आकडा ठरवण्याची पद्धत सगळ्या कंपन्यांची एकसारखी नसते. आपला कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स यांचं वजन करा आणि त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट वजन पेलणारा ट्रायपॉड बघा. त्यानंतर आपली परीक्षा सुरू.

पहिली परीक्षा उंचीची. पाय पूर्ण उघडा, पण मधला दांडा वर करू नका. कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या किंवा निदान हनुवटीच्या उंचीला येतो का? मधला दांडा वर ओढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं, सगळा भक्कमपणा संपतो. ज्याला दांडा वर केल्याशिवाय उंचीच नाही, तो नको. मात्र तुम्ही अजून वाढणार आहात, तेव्हा थोडी जादा उंची चालेल!

दुसरी परीक्षा दाबाची. वरच्या भागावर दोन्ही तळवे ठेवून हळूहळू खाली दाबा. एखादा टप्पा सरकन आत गेला तर समजा, खिट्टी कच्ची आहे. खिट्ट्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एक पट्टी उघडमीट करायची, दुसरी कडी पिळायची. दोन्ही चांगल्या, फक्त प्रत्येक खिट्टी स्वतःच्या बोटांनी तीन-चार वेळा लावून पाहा. थंडीत गारठलेल्या बोटांनी ती लागली पाहिजे.

तिसरी परीक्षा पिळाची. वरचं डोकं धरून हलकेच डावी-उजवीकडे पिळा. पाय वाकल्यासारखे वाटले किंवा सांध्यातून कुरकुर ऐकू आली तर पुढच्या दुकानात जा.

चौथी परीक्षा टिचकीची, आणि ही सगळ्यात गमतीची. आपला कॅमेरा बरोबर न्या. तो वर बसवा, झूम पूर्ण लांब करा, समोरच्या पाटीवरच्या एका अक्षरावर रोखा. आता पायाला एक टिचकी मारा आणि पडद्याकडे बघत मनात आकडे मोजा. अक्षर किती वेळ थरथरतं? दोन-तीन ट्रायपॉडना अशीच टिचकी मारा. ज्याच्यावर थरथर सगळ्यात आधी थांबते, तो जिंकला.

पाचवी परीक्षा जमिनीची. तिन्ही पाय वेगवेगळ्या कोनांत फाकवता येतात का, ते बघा. उतारावर हे लागतंच. शिवाय पाय पार आडवे पसरले की कॅमेरा जमिनीलगत येतो. अळंबी, गवतफुलं, किडेमुंग्या टिपायच्या तर दुसरा मार्ग नाही. पायांना खाली रबरी टोपणं असावीत. काहींना मातीत रुतणारे खिळेही असतात.

राहिलं डोकं. बॉल हेड एकाच मुठीनं कुठेही वळतं आणि झटपट पक्कं होतं. दांडीवालं डोकं एकेका दिशेनं सावकाश वळतं, इमारती आणि देखाव्यांना ते बरं. डोकं वेगळं काढता येणारा ट्रायपॉड घेतलात तर पुढे फक्त डोकं बदलून भागतं. कॅमेरा ज्या स्क्रूवर बसतो तो मात्र जवळजवळ सगळीकडे पाव इंचाचाच असतो, त्यामुळे आत्याचा कॅमेरा मामाच्या ट्रायपॉडवर बसतो.

आई-बाबांसाठी दोन शब्द

छंद नवा असेल तर लगेच महागडा ट्रायपॉड घेण्याची घाई नको. पण खेळण्यासारखा अगदी तकलादू घेण्यापेक्षा न घेतलेला बरा. वाऱ्याच्या एका झोतात तो आडवा होतो आणि घरातला एकुलता एक कॅमेरा घेऊन पडतो. चांगल्या घडणीचा वापरलेला ट्रायपॉड तपासून घेतला तर तो वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात लवकर बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

तोवर एक घरगुती उपाय आहे. जाड कापडाची पिशवी शिवा, तिच्यात तांदूळ किंवा मूग सैलसर भरा आणि तोंड शिवून टाका. भिंतीवर, खडकावर, गाडीच्या खिडकीत ही पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. जंगलात गाडीतून फिरताना ट्रायपॉड उघडायला जागाच नसते, तिथे पट्टीचे छायाचित्रकारही अशीच पिशवी वापरतात.

रानात गेल्यावर

पाय उघडताना वरचे जाड टप्पे आधी, बारीक टप्पे गरज पडली तरच. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला. सपाटीवर एक पाय लेन्सच्या दिशेनं पुढे ठेवा, म्हणजे लेन्सचा भार त्याच्यावर येतो आणि मागच्या दोन पायांमध्ये तुम्हाला उभं राहायला जागा मिळते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या वाऱ्याच्या जागी मधल्या दांड्याच्या हुकाला आपली सॅक अडकवा, पण ती जमिनीला किंचित टेकू द्या. हवेत लोंबकळली तर झोके घेईल आणि ट्रायपॉडलाही झोके देईल. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडत असेल तर तो काढून ठेवा. कड्याच्या टोकाशी ट्रायपॉड कधीच लावू नका. डोळा कॅमेऱ्यात असला की पाय कुठे पडतोय ते कळत नाही.

बटण दाबतानाही कॅमेरा हलतो. त्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबा आणि हात बाजूला घ्या. समुद्रकिनाऱ्यावरून किंवा भिगवणसारख्या चिखलाच्या जागेहून आलात की पाय गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, उघडे ठेवून वाळवा. खारं पाणी आणि वाळू खिट्ट्या खाऊन टाकतात.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. कासच्या पठारावर सीतेची आसवं, दवबिंदू अशी बोटभर उंचीची झाडं पायाखालीच असतात. तुमच्या पायांबरोबर ट्रायपॉडचेही तीन पाय तिथे पडणार आहेत. एका फुलाच्या फोटोसाठी दहा फुलं चिरडली तर तो फोटो काय कामाचा? म्हणून आखलेल्या वाटेवरूनच फोटो काढा. पक्ष्याच्या घरट्यासमोर तर ट्रायपॉड मुळीच लावू नका. घाबरून आई-बाप घरट्याकडे फिरकले नाहीत की अंडी थंड पडतात, पिल्लं उपाशी मरतात. अनेक संरक्षित लेण्यांत आणि स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करा.

या आठवड्याचा उद्योग

चला, आता आपण फाळक्यांचा प्रयोग करू! एका कपात माती घेऊन मेथीचे दाणे पेरा. कप खिडकीजवळ ठेवा. समोर ट्रायपॉड, किंवा तो नसेल तर पुस्तकांची चळत ठेवून त्यावर मोबाईल नाहीतर कॅमेरा बसवा. जमिनीवर पायांभोवती खडूनं खुणा करा, कपाभोवतीही करा. मोबाईल तर रोज उचलावा लागणारच, म्हणून त्याच्याही जागेची खूण हवी. दहा दिवस, रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकेक फोटो. धाकट्या भावंडांना आणि मांजराला तिकडे फिरकू देऊ नका!

दहा दिवसांत ३० फोटो होतील. ते भराभर एकामागून एक बघा. मेथी कशी डोकं वर काढते, उजेडाकडे कशी मान वळवते, ते पाहून तुम्ही चकित व्हाल. आणि कप उड्या मारताना दिसला, तर कोणत्या दिवशी काय हललं त्याचा शोध घ्या. तोही एक उद्योगच आहे, नाही का?

तुमच्या मेथीनं काय काय केलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!