सिकलसेल : एका मण्याची चुकीची गाठ

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीला ताप नाही, खोकला नाही, दुखणे म्हणून काही नाही. हातात फक्त एका शिबिरात मिळालेला तपासणीचा कागद होता आणि त्यावर 'सिकलसेल वाहक' असे लिहिलेले होते. तो कागद मुलाकडच्या मंडळींच्या दृष्टीस पडला आणि ठरत आलेले लग्न मोडले. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात हे कोणालेच नव्हतं जी. हे रक्त बदलून मिळते काय?" गृहस्थांनी विचारले. मुलगी खाली मान घालून बसली होती.

तुमच्या मुलीला कोणताही आजार नाही, असे मी त्यांना सांगितले. पण ते त्यांना पटले असे दिसले नाही. यात त्यांचा दोष नाही. आपण शिबिरे घेतो, बोटातून रक्त घेतो, कागद हातात देतो. त्या कागदाचा अर्थ सांगायला मात्र कोणालाच वेळ नसतो. म्हणून आजच्या लेखात तो अर्थ मुळापासून सांगण्याचा प्रयत्न करतो.

मण्यांची माळ

आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिन या प्रथिनामुळे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. हे मणी वीस प्रकारचे असतात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा चार माळा असतात. दोन अल्फा माळांत प्रत्येकी १४१ मणी आणि दोन बीटा माळांत प्रत्येकी १४६, म्हणजे एकूण ५७४ मणी झाले. ही माळ गळ्यातल्या माळेसारखी सैल लोंबत नाही. ती स्वतःभोवती वळते, घड्या घालते. त्यामुळे माळेत दूर असलेले मणी प्रत्यक्षात शेजारी येऊन एकमेकांना टेकतात. पाण्याशी जमणारे मणी बहुधा बाहेरच्या अंगाला राहतात, तेलकट प्रकृतीचे आत दडतात. कोणता मणी कोणाला टेकला आहे, यावर प्रथिनाचा आकार ठरतो आणि आकारावर त्याचे काम.

हे स्पर्श शास्त्रज्ञ अक्षरशः मोजतात. प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडले की अणूंच्या जागा काढता येतात. मग दोन मण्यांतले अंतर साधारण चार-पाच अँगस्ट्रॉमच्या आत असेल, तर ते मणी एकमेकांना टेकले असे धरतात. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. हिमोग्लोबिनची रचना केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुत्झ यांनी उलगडली आणि त्यांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. साखळीतले अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, या हिशेबावरून प्रथिनाला कोणती वळणे शक्य आहेत, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवले. तो आराखडा आजही जगभर वापरला जातो.

सहावा मणी

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतलाच दोष आहे, हे लायनस पाउलिंग यांनी सहकाऱ्यांसह १९४९ साली सिद्ध केले. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्राम यांनी बीटा माळेतल्या एकाच मण्याची अदलाबदल झालेली असते, हे शोधून काढले. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तिथे व्हॅलिन आलेले असते. ग्लुटामिक आम्ल पाण्याशी जमवून घेणारे, व्हॅलिन तेलकट. आणि ही जागा नेमकी रेणूच्या बाहेरच्या अंगाला.

हिमोग्लोबिन शरीराला प्राणवायू देऊन मोकळे झाले की त्याचा आकार थोडा बदलतो. तेव्हा त्याच्या बीटा माळेवर ८५ व्या आणि ८८ व्या मण्यांपाशी एक लहानसा तेलकट खळगा उघडा पडतो. हा खळगा तुमच्या-माझ्या निरोगी हिमोग्लोबिनमध्येही आहे. त्यात जाऊन बसणारे कोणी नसते, इतकेच. सिकलच्या रेणूवरचे व्हॅलिन मात्र शेजारच्या रेणूच्या या खळग्यात चपखल बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जातात आणि पाहता पाहता चौदापदरी दोर तयार होतो. या दोरांनी मऊ, गोल लाल पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. हा करणीचा प्रकार नाही, खाण्यापिण्यातला दोष नाही, स्पर्शाने तर हा मुळीच होत नाही.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

आता त्या मुलीकडे वळू. वाहकाला एका पालकाकडून सिकलचे आणि दुसऱ्याकडून निरोगी जनुक मिळालेले असते. त्याच्या प्रत्येक लाल पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निरोगी असते. सिकलचे रेणू पातळ झालेल्या रसासारखे विखुरलेले राहतात. दोर वळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पेशी फुप्फुसात परतून पुन्हा प्राणवायू घेते. म्हणून वाहक शेती करतो, संसार करतो, म्हातारा होतो. उलट मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून त्याला थोडे संरक्षणच मिळते, हे १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. आपल्या देशात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली, विदर्भातली १९५८ साली. म्हणजे हे काही काल-परवा उपटलेले नाही. अमक्या जातीचा, तमक्या जमातीचा रोग म्हणून बोट दाखवणे तर निव्वळ अज्ञान आहे.

लग्नाचा हिशेब सरळ आहे. वाहक आणि निरोगी अशी जोडी असेल, तर मुलांना आजार होत नाही. काही मुले वाहक होऊ शकतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगीच निघतील, असे नव्हे. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. जोडीदाराला सिकल नसले, तरी थॅलेसेमिया किंवा 'हिमोग्लोबिन डी' असू शकते. 'डी'मध्ये बीटा माळेतला १२१ वा मणी बदललेला असतो आणि ती जागाही दोर वळताना शेजाऱ्याला टेकणारीच आहे. म्हणून सिकलशी गाठ पडली की तोही त्रासदायक ठरतो. तेव्हा शिबिरातल्या साध्या चाचणीवर न थांबता दोघांचेही हिमोग्लोबिन सविस्तर तपासून घ्यावे. साध्या चाचणीत वाहक कोण आणि रोगी कोण, हेही कळत नाही.

रुग्णाने काय करावे ?

दोर किती लवकर वळतो हे पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर ठरते. दाटपणा जरासा वाढला, तरी हा वेळ कितीतरी पटींनी घटतो. म्हणून भरपूर पाणी पिणे हा सिकलच्या रुग्णाला नुसता उपदेश नाही, ते औषधच आहे. उन्हातले काम, जुलाब, ताप यांत तर विशेष जपावे. लहान मुलाला ताप आला तर घरी वाट पाहू नये. रक्त कमी आहे म्हणून तपासणीवाचून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात, हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. आईच्या पोटात असतानाचे हिमोग्लोबिन या औषधाने पुन्हा वाढते. त्याच्या माळेतला ८७ वा मणी वेगळा असतो आणि तो दोर वळू देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या दोन जनुकोपचारांपैकी एकात हाच ८७ वा मणी बदललेले जनुक रुग्णाला देतात. दुसऱ्याची तिथली किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या आईला तूर्त त्याचा उपयोग नाही. पण हायड्रॉक्सियुरिया आवाक्यातले आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते नियमित घेतले पाहिजे, आणि त्यासाठी ते ग्रामीण रुग्णालयात नियमित मिळाले पाहिजे.

माझे मत

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचे मी स्वागतच करतो. पण नुसते कागद वाटून रोग हटणार नाही. अर्थ न सांगता दिलेला कागद घराघरांत भीती पेरतो आणि त्या भीतीची किंमत बहुधा मुलीच मोजतात. तपासणी मुलामुलींची सारखीच व्हावी, लग्नाची बोलणी सुरू होण्यापूर्वी, शाळा-महाविद्यालयातच व्हावी. निकाल चारचौघांत न देता त्या व्यक्तीला स्वतंत्र बसवून समजावून द्यावा. यासाठी वेगळी इमारत लागत नाही, पंधरा मिनिटे लागतात.

त्या दिवशी मी कागदावर मण्यांची माळ काढून हे सारे त्या बापलेकींना सांगितले. मुलीने पहिल्यांदाच मान वर केली आणि वडिलांना विचारले, "त्या मुलाचं रक्त तपासलं होतं का, बाबा?" वडील गप्प राहिले. ते कोणीच तपासले नव्हते. वाचकहो, आपल्या घरात सोयरीक जुळत असेल, तर हा प्रश्न आधी विचारा, आणि तो दोन्ही बाजूंना विचारा.